जुनी एक्सेल, नवी शर्यत

ऑस्ट्रेलियातील मोटारशर्यती म्हटल्या की भारतातील वाचकांना मेलबर्नची फॉर्म्युला वन आठवते. मला मात्र येथील सर्किटवर सर्वाधिक आदर वाटतो तो ह्युंदाई एक्सेलच्या शर्यतींविषयी. १९९४ ते २००० या काळातली ही दीड लिटर इंजिनाची, फ्रंट व्हील ड्राइव्ह असलेली साधी घरगुती गाडी. आपल्याकडे १९९९ मध्ये आलेली अ‍ॅक्सेंट तिच्याच पुढच्या पिढीची. येथे ती स्वस्त म्हणून इतकी खपली, की ती रस्त्यावरून हटू लागल्यावर शर्यतीच्या हौशी मंडळींना गाड्या आणि सुटे भाग दोन्ही सहज मिळत गेले.

शर्यतीसाठी गाडी तयार करताना मागची सीट, गालिचे, आतले अस्तर असे सारे काढून टाकतात आणि पोलादी रोल केज (गाडी उलटली तरी चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा), रेसिंग सीट, अनेक पट्ट्यांचा हार्नेस व अग्निशामक व्यवस्था बसवतात. म्हणजे खर्चाचा मोठा वाटा चालकाच्या सुरक्षिततेवर होतो, आणि तो तसाच व्हायला हवा. वेग विकत घेण्याची वाट नियमांनी अडवलेली असते: टायर व सस्पेन्शन ठरवून दिलेले, इंजिनात करता येण्याजोगे बदल मोजके आणि गाडीचे किमान वजन बांधलेले. असे निर्बंध नसलेल्या खुल्या गटात एकाने महागडा भाग बसवला की मागे पडू नये म्हणून इतरांनाही तो घ्यावा लागतो, आणि काही हंगामांत सामान्य पगारदार माणूस बाहेर फेकला जातो. म्हणूनच शर्यतीनंतर गाड्या वजनकाट्यावर चढवून तपासणारे अधिकारी मला विजेत्याइतकेच महत्त्वाचे वाटतात.

या गाड्यांची खरी परीक्षा पाहावी ती फिलिप आयलंडला. समुद्रकाठचे हे सर्किट सुमारे साडेचार किलोमीटरचे असून त्यावर घड्याळाच्या उलट दिशेने धावतात, त्यामुळे डावी वळणे अधिक आणि भार उजव्या बाजूच्या टायरांवर. एक्सेलमध्ये गाडी ओढणे, वळवणे आणि ब्रेकचा बराचसा भार पेलणे ही तिन्ही कामे पुढच्याच चाकांकडे असल्याने सदर्न लूपसारख्या लांबलचक डाव्या वळणात पुढचा उजवा टायर तापतो, आणि ज्याने सुरुवातीलाच त्याला पिळून काढले त्याची गाडी शेवटच्या फेऱ्यांत वळणाबाहेर सरकू लागते. ताकद कमी असल्यामुळे एकदा गमावलेला वेग लवकर परत येत नाही. शेवटच्या डाव्या वळणात किंचित जास्त ब्रेक लागला तर त्याची किंमत गार्डनर स्ट्रेट या सरळ टप्प्याच्या टोकापर्यंत मोजावी लागते. याच सरळ टप्प्यावर मागची गाडी पुढच्या गाडीच्या आडोशाला शिरते, वाऱ्याचा विरोध कमी झाल्याने हळूहळू जवळ येते आणि नेमक्या क्षणी बाजूला निघते. असे गाड्यांचे जथेच्या जथे पहिल्या वळणाकडे झेपावतात, तेव्हा आघाडीवर असणे हा फायदा की तोटा हे सांगणे कठीण होते.

पिटमध्ये, म्हणजे गाड्यांची देखभाल होते त्या जागी, नवरा-बायको, बापलेक मिळून चाके बदलताना दिसतात.

चिंता आहे ती गाड्यांच्या वयाची. आज सर्वांत नवी एक्सेलही पंचवीस वर्षांची झाली असून न गंजलेला सांगाडा दरवर्षी दुर्मीळ होत चालला आहे. इंजिन दुरुस्त होते, पण जोरदार धडकेत वाकलेला सांगाडा बहुधा कायमचा जातो. म्हणून दुसऱ्याच्या गाडीला ढकलून वाट काढणाऱ्या चालकांना निव्वळ काही सेकंदांचा दंड न देता थेट पुढच्या शर्यतीतून वगळावे, असे माझे ठाम मत आहे.