वहिनी गायल्या तेव्हा

२६ डिसेंबर, रात्र

काल नाताळच्या उपासनेत वहिनी गायल्या, आणि ते गाणे अजून माझ्या मनातून जात नाही. त्या यंदा गातील असे मला वाटले नव्हते. दादा गेल्यापासून गायनवृंदात त्याची जागा तशीच मोकळी होती. तिच्या शेजारी वहिनी हातात ‘उपासना संगीत’ हे भजनांचे पुस्तक घेऊन उभ्या राहिल्या, आणि नारायण वामन टिळकांचे भजन सुरू झाले तेव्हा पेटीच्या पहिल्या सुरापासून त्यांचा आवाज मोकळा लागला. मी बाकावर बसून पुस्तकातील ओळींवरून बोट फिरवत राहिले. घशातून एक अक्षर फुटले नाही.

मला त्यांचा राग आला. इतक्या लवकर यांना आनंद होतो तरी कसा, असे वाटले. आणि त्या रागाच्या तळाशी खरे दुखणे हे होते की तो आनंद माझ्या वाट्याला का येत नाही. घरी आल्यावर लोक हात हातात घेऊन शुभेच्छा देत होते, मुले नव्या कपड्यांत अंगणभर धावत होती, आणि या सणात माझ्यासाठी काहीच उरलेले नाही असे मला सारखे वाटत होते. आईशी त्याबद्दल बोलावे असे एकदा मनात आले. पण ते राहू दे.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांच्या, तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती लावली तेव्हा बायबलातल्या, प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातला उतारा वाचला गेला होता : प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. ‘सर्वदा’ ऐकूनच मी अस्वस्थ झाले होते. नाताळपुरता आनंद निदान समजता येतो. त्याला दिवे असतात, करंज्या असतात, गच्चीवर टांगलेला तारा असतो. पण सर्वदा? आणि आज्ञा केल्याने कोणाला आनंद होतो का?

आज दुपारी म्हणून ते पत्र पुन्हा काढले. चारच अध्यायांचे आहे, आणि पौलाने ते बंधनात असताना लिहिले. ज्या फिलिप्पै शहराला ते लिहिले, त्याच शहरात पूर्वी त्याला आणि त्याचा सोबती सीला याला छड्या मारून आतल्या बंदिखान्यात घातले होते. मग ती हकिगत असलेला, लूकने लिहिलेल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय काढला. पाय खोड्यात अडकवलेले, आणि मध्यरात्रीच्या सुमारास ते दोघे गाऊन देवाची स्तुती करत होते. हे लहानपणापासून ठाऊक आहे. शब्बाथशाळेत त्यावर चित्रेही काढली आहेत. पण आज एक गोष्ट नव्याने दिसली. त्यांच्या जखमा बंदिखान्याच्या नायकाने धुतल्या त्या भूकंपानंतर, म्हणजे गाण्याच्या नंतर. ते गात होते तेव्हा पाठीवरचे वळ तसेच ओले होते. त्यांना त्या वेळी आत काय वाटत होते, हे लूक लिहीतच नाही. ते गात होते आणि बाकीचे बंदिवान कान देऊन ऐकत होते, एवढेच लिहितो.

त्या ऐकणाऱ्यांचा विचार मी आजवर कधी केला नव्हता. त्यांच्यातल्या कोणाला गाता आले नसेल. पण अंधारात ते गाणे त्यांच्यापर्यंत पोचत होतेच.

नाताळची कथाही मी आजवर अर्धीच धरून बसले होते की काय, असे वाटते. मागी, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, तारा पाहून अत्यंत आनंदित झाले हे मत्तय ज्या अध्यायात सांगतो, त्याच अध्यायात हेरोद राजा बेथलेहेमातील बालकांची कत्तल करवतो आणि मुलांसाठी रडणाऱ्या राहेलीचा आक्रोश ऐकू येतो. मंदिरात भक्त शिमोन बाळ येशूला हातात घेऊन देवाचा धन्यवाद करतो, आणि लगेच मरीयेला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. ज्यांनी दिनदर्शिका ठरवली त्यांनीही आजचाच दिवस पहिला रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेला, स्तेफन याला दिला. नाताळचा फराळ अजून डब्यात असताना. दुःख आधी बाहेर जाईल आणि मग आनंद आत येईल अशी मी वाट पाहत होते. या कथेत तर दोघे एकाच घरात आहेत. खुद्द टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांनाही काही वर्षे स्वतःच्या बायकामुलापासून दूर राहावे लागले होते, आणि त्यांचीच भजने आमच्या नगरकडच्या मंडळ्या पिढ्यान्‌पिढ्या गात आल्या आहेत.

संध्याकाळी शेजारी फराळाची ताटे पोचवून आल्यावर वहिनी डबे घासायला बसल्या. तळाशी करंज्यांचा चुरा आणि थोडे खोबऱ्याचे सारण उरले होते. ते त्यांनी एका बशीत काढून चिमण्यांसाठी खिडकीत ठेवले. मी विचारले, “वहिनी, तुम्हाला काल गाता कसं आलं?”

त्या थोडा वेळ डबाच घासत राहिल्या. मग म्हणाल्या, “कुठे येत होतं? सुरुवातीच्या तालमींना मी नुसती उभी राहत होते. बाकीच्या गायच्या, ते ऐकायचे. येशू जन्माला आला, हे माझ्या रडण्यानं खोटं होत नाही ना, ताई. मग एके दिवशी आवाज आला.” आणि जरा थांबून, “काल घरी आल्यावर रडलेच की मी.”

मला ते माहीत नव्हते. माझा राग तिथेच ओसरला, आणि त्या जागी काय आले हे मला अजून नीट सांगता येत नाही. आनंद म्हणण्याइतके ते मोठे नाही, पण कालच्यासारखे रितेपणही नाही. आम्ही मिळून डबे पुसून फळीवर लावले.

परवा वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेची तालीम आहे. त्यांनी बोलावले नाही, मीच येते म्हणाले. गाईन की नुसती ऐकत उभी राहीन, हे तिथे गेल्यावर कळेल.