गोळीचं पिवळं आणि खरं पिवळं

"मॅडम, तुम्ही एचआयव्हीच्या डॉक्टर ना? मग सारखं लिव्हरचं काय काढता?" इंटर्न विचारतात, पेशंटचे नातेवाईक विचारतात, परवा लग्नाच्या पंगतीत विहीणबाईंनीही विचारलं. एचआयव्ही आणि लिव्हरला सुजवणारा हेपटायटिस बी, दोन्ही विषाणूंच्या वाटा सारख्याच, रक्तातून, संबंधांतून, आईकडून बाळाला, असं मी सांगते आणि सुटका करून घेते. खोटं नाही ते. पण खरं उत्तर एका हमालापाशी आहे.

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये तो रुईच्या गाठी उचलायचा. एचआयव्हीच्या पहिल्या गोळ्या लागू पडेनात, म्हणून दुसऱ्या फळीतल्या सुरू केल्या: टेनोफोविर, लॅमिव्युडिन, सोबत ॲटाझानाविर आणि रिटोनाविर. ॲटाझानाविरने रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीतलं पिवळं द्रव्य, वाढतं आणि डोळे पिवळे दिसतात. लिव्हरला इजा होत नाही, बिलिरुबिनचा निचरा करणारं एक एन्झाइम तेवढं अडतं. हे त्याला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

"माहे डोये पिवये झाले, साऱ्या गावानं पायलं," असं तो नंतर म्हणाला. घरच्यांनी काविळीची माळ आणून गळ्यात घातली. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते, असं आपल्याकडे मानतात. माळ घातली आणि "गरम पडतात" म्हणून गोळ्या सगळ्या बंद. आठवडाभरात डोळे पांढरे. पांढरे होणारच होते, ॲटाझानाविर थांबलं होतं ना! पण मान मिळाला माळेला.

तिसऱ्या महिन्यात तो पुन्हा पिवळा झाला. या वेळी लघवी काळ्या चहासारखी, अन्नाचा वास नको, एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या इजेचा रक्तातला आकडा, 1,200 च्या वर. जुनी फाइल काढली तर एका चिठ्ठीवर फक्त "बी पॉझिटिव्ह". त्याला विचारलं, तर म्हणाला, "हो, माहा रक्तगट हाय तो." रक्तगट नव्हता, हेपटायटिस बी होता. त्या चिठ्ठीवर माझीच सही होती.

टेनोफोविर आणि लॅमिव्युडिन ही औषधं एचआयव्हीला धरतात तशी हेपटायटिस बीलाही. गोळ्या एकाच आजाराच्या समजून त्याने सोडल्या आणि दुसऱ्याचा दोर सुटला. आपण डॉक्टरही हेच करू शकतो: किडनी बिघडली म्हणून टेनोफोविर काढायचं आणि बीची आठवणच ठेवायची नाही. तो वाचला, पण दीड महिना वॉर्डात काढून.

त्यानंतर मी जुन्या फाइली उपसायला बसले. 1 एप्रिल 2004 पासून सरकारने एचआयव्हीची औषधं फुकट द्यायला सुरुवात केली. तेव्हाच्या बहुतेक मिश्रणांत लॅमिव्युडिन असायचं, टेनोफोविर नसायचं. सीडी4, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, वाढला की आम्ही खूश. पण एकट्या लॅमिव्युडिनला बीचा विषाणू चार-पाच वर्षांत बहुतेकांत दाद देईनासा होतो. म्हणजे एका आजाराचं अर्धवट औषध आम्ही नकळत वर्षानुवर्षं देत होतो. त्यात मिश्रणातलं दुसरं औषध नेव्हिरापिन, तेही लिव्हरला जड.

माझं संशोधन म्हणाल तर ते एवढंच: एचआयव्हीच्या कोणत्या पेशंटला बी आहे, कोणाला हेपटायटिस सी, आणि गोळ्या बदलल्यावर त्यांच्या लिव्हरचं काय होतं. साधनं म्हणाल तर रक्ताच्या नमुन्यांसाठी थर्मासचा डबा, बर्फ, लोडशेडिंग आणि रजिस्टर. कापूस वेचणीच्या दिवसांत फॉलोअपला कोणी येत नाही, त्यामुळे आमच्या तक्त्यात दिवाळीपासून पुढे खिंडारं दिसतात. पुण्यातल्या एका परीक्षकाने लिहून पाठवलं होतं की हा डेटा अपूर्ण आहे. बरोबर आहे, कापूस उभा होता.

कापसाचं अजून एक. एका बाईने गोळ्यांची बाटली दाखवली, लेबल खरवडलेलं आणि आत गच्च सरकी काढलेला कापूस. मला वाटलं, ओल लागू नये म्हणून. "नाही जी, वाजते ना ते. सासू आइकते." तेव्हापासून गोळ्या चुकल्या का, हे विचारायच्या आधी मी घरात कोण कोण असतं ते विचारते.

सीचं आता सोपं झालंय. बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्यांत बरा होतो, आणि 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या फुकट मिळतात. बी मात्र लिव्हरच्या पेशींच्या केंद्रकात मुक्काम ठोकून बसतो. त्याला दाबून ठेवायचं, बस. घरच्यांना लस द्यायची.

हमाल अजून येतो. गोळ्या नव्या आहेत, ॲटाझानाविर कधीच गेलं. तरी खुर्चीवर बसताच डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवतो: "पाहा बरं मॅडम, हे गोयीचं पिवयं का खरं पिवयं?"