मेनन सर

अंबाजोगाईत माझं डीटीपीचं दुकान आहे. प्रबंध, लग्नपत्रिका, निवेदनं, येईल ते काम. एका उन्हाळ्यात एक निवृत्त प्राध्यापक हस्तलिखित घेऊन आले. मुकुंदराजांच्या विवेकसिंधूवर, इंग्रजीत. अक्षर असं, की मेडिकलवाल्यानंही हात जोडावेत.

पहिल्याच पानावर मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलेलं: प्रो लेगो मेनन. मी समजलो, केरळातले कुणी प्रोफेसर मेनन असतील. 'लेगो' जरा खटकलं, पण तिकडच्या नावांचं आपल्याला काय कळतंय! मोठ्या माणसाकडून प्रस्तावना घ्यायची, ही तर जुनीच रीत. मी वर 'इंट्रोडक्शन' टाकलं, मजकूर लावला आणि शेवटी उजव्या बाजूला ठळक टाइपात 'प्रोफेसर लेगो मेनन'. कच्चं प्रूफ पोराच्या हातानं घरी पाठवलं.

तासाभरात सर स्वतः हजर. भर दुपारी, डोक्याला पंचा गुंडाळून.

"हे मेनन कोण रे?"

"सर, तुमचेच की. प्रस्तावना लिहिली त्यांनी."

सर स्टुलावर टेकले आणि इतके हसले, की मला माठातलं पाणी आणून द्यावं लागलं.

तो एकच शब्द होता. प्रोलेगॉमेनन. सरांनी माझ्याच प्रूफच्या पाठीवर फोड करून दाखवली. मूळ ग्रीक. प्रो म्हणजे आधी, लेगेइन म्हणजे सांगणं. जे आधी सांगितलं जातं ते प्रोलेगॉमेनन. अनेकवचन प्रोलेगॉमेना, जसं फिनॉमेननचं फिनॉमेना. कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाच्या १७८३ सालच्या ग्रंथाचं नावच या शब्दानं सुरू होतं म्हणे. 'लेगॉमेनन'चा आणखी एक भाऊबंद निघाला: हापाक्स लेगॉमेनन, म्हणजे अख्ख्या ग्रंथात एकदाच आलेला शब्द. माझ्या दुकानात तर दोघंही पहिल्यांदाच आले होते.

"म्हणजे आपलं प्राक्कथनच की, सर," मी म्हणालो. प्राक् म्हणजे आधी, कथन म्हणजे सांगणं. इतकी पुस्तकं लावल्यावर एवढं तर येणारच.

सर क्षणभर गप्प. मग म्हणाले, "फोड तंतोतंत. पण प्राक्कथन लोक दीड पानात उरकतात, चार जणांचे आभार मानून." त्यांची साठ पानं होती. विवेकसिंधूचा काळ शके १११० म्हणजे इ. स. ११८८ धरतात, पण त्यावर वाद. रचना आपल्या अंबाजोगाईत झाली की वैनगंगेकाठच्या आंभोऱ्यात, त्यावरही वाद. पोथ्यांतले पाठभेद वेगळेच. हे सगळं आधी मांडल्याशिवाय ग्रंथाला हात घालता येत नाही. म्हणून हा जड शब्द. "कीर्तनात पूर्वरंग असतो बघ. बुवा आधी अभंग सोडवून सांगतात, मग आख्यान लावतात. तसं." पूर्वरंग म्हटल्यावर मला एका झटक्यात कळलं. ग्रीक कशाला मधे आणलं, असंही वाटलं, पण गिऱ्हाईकापुढे बोललो नाही.

मथळा दुरुस्त केला. स्पेलचेकनं शब्दाखाली लाल रेघ मारली, ती घालवली. साठ पानांचं दुसरं प्रूफ मी फुकट काढून दिलं. चूक माझी होती.

पुस्तक छापून झालं. कॉम्प्युटरवर त्या फोल्डरचं नाव मात्र मी अजून बदललेलं नाही. 'मेनन सर' असंच आहे.