सैबेरियाला नेलं म्हणून वाचलो

मी कोल्हापुरात गाईड आहे. अंबाबाई, न्यू पॅलेस, रंकाळा तोंडपाठ. पाहुणे पोलंडचे असले की वळिवडेही दाखवायचं. 1943 ते 1948 तिथं पाचएक हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, बहुतेक बाया आणि पोरं. सांगून सांगून ती कथा माझ्या तोंडात गुळगुळीत झालेली: स्टालिननं हद्दपार केलं, सैबेरियात हाल झाले, इराणमार्गे सुटका, मग कोल्हापूर.

त्या जुलैत साठी ओलांडलेल्या एक बाई आल्या. मी सैबेरियाच्या हालांवर आलो तशा त्या म्हणाल्या, "आमची आई म्हणायची, सैबेरियाला नेलं म्हणून वाचलो."

मी गप्पच झालो.

आईचं माहेर वोल्हिनियात. तेव्हा पोलंड, आज पश्चिम युक्रेन. फेब्रुवारी 1940 मध्ये सोव्हिएत पोलिसांनी घरच्यांना मालगाडीत कोंबलं. थोरली मावशी तेवढी राहिली, कारण तिचं लग्न शेजारच्या गावात झालेलं. पुढं जर्मन आले. 1943 मध्ये युक्रेनियन बंडखोर सेनेनं तो मुलूख पोलिशांपासून 'साफ' करायला घेतला. 11 जुलैला, रविवारी, शंभरेक वस्त्यांवर हल्ले झाले. पोरित्स्क आणि किसेलिनमध्ये तर लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमले असतानाच. बंदुका होत्या, पण कुऱ्हाडी आणि शेतातली अवजारंही होती. एकट्या वोल्हिनियात पन्नास-साठ हजार पोलिश मारले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. पोलिशांनीही सूड घेतला, हजारो युक्रेनियन मेले. हे बाईंनी स्वतःहून सांगितलं. मला ते आवडलं.

मावशीच्या घरातला एकच मुलगा जगला. शेजारच्या युक्रेनियन म्हातारीनं त्याला गोठ्यात लपवलं होतं. वळिवड्याची छावणी भरत होती त्याच वर्षीची ही गोष्ट. इथं आईला त्यातलं काहीच माहीत नव्हतं; कळलं ते युद्ध संपल्यावर.

तोवर आम्ही गांधीनगरात पोचलो. छावणीच्या जागी आता कापडबाजार. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांना त्याच बराकी मिळाल्या होत्या. मी बाईंना म्हणालो, बघण्यासारखं फार काही उरलेलं नाही.

"मावशीच्या गावात घरंच उरली नाहीत," त्या म्हणाल्या. "गहू पेरतात. इथं निदान माणसं राहतात."

पाऊस वाढला. पाच मिनिटं थांबू म्हणाल्या, आणि छत्री न उघडताच खाली उतरल्या.