आठ यार्ड

परवा आमच्या सोसायटीत, म्हणजे घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे, पोरं सुतळी बॉम्ब लावत होती आणि त्यातला एक पेटलेला बॉम्ब कुणाचीतरी लाथ लागून घरंगळत थेट पार्किंगमध्ये आमच्या घोळक्याकडे आला. आम्ही चार-पाच बाप लोक जे काही पळालोय! मी तर पोराचा हात सोडून पळालो, बायको अजून ऐकवतेय. बॉम्ब फुसका निघाला ते सोडा.

गेटवरचे काका हसत होते. काका साताऱ्याकडचे, फौजेतून रिटायर. म्हणाले, "पळणारच की साहेब माणूस. आम्हाला पहिला ग्रेनेड दिला तेव्हा हाताला घाम सुटलेला नुसता. उस्ताद मानगूट धरून बसलेला, फेकला रे फेकला की धाडकन खाली दाबायचा." तो छत्तीस नंबरचा ग्रेनेड, पहिल्या महायुद्धातल्या डिझाइनवरचा. लीवर सुटल्यावर चार सेकंदांत फुटतो. (आता नवीन आलेत, 2021 पासून, आणि ते आपल्या नागपुरात बनतात, हे मला माहीतच नव्हतं.)

मग रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो आणि नाईक किरपा राम सापडले (नाईक हा फौजेतला हुद्दा, आडनाव नाही). हिमाचलमधल्या बिलासपूरकडचे, तेव्हाच्या ब्रिटिश इंडियन आर्मीतल्या 13 फ्रंटियर फोर्स रायफल्स रेजिमेंटमधले. बर्मामध्ये लढून आलेला माणूस, तिथून धड परतला, जपानने शरणागतीवर सह्या करून दहा दिवस झालेले, आणि 12 सप्टेंबर 1945 ला बंगळूरजवळ थोंडेभावीच्या कॅम्पमध्ये साधी फायरिंगची प्रॅक्टिस चालू होती. एका जवानाने रायफलमधून उडवलेला ग्रेनेड लांब जायच्या ऐवजी त्यांच्या सेक्शनपासून, म्हणजे लहान तुकडीपासून, फक्त आठ यार्डांवर पडला. किरपा राम आडोसा घ्या म्हणून ओरडले आणि स्वतः पुढे धावले. मागे नाही, पुढे! ग्रेनेड उचलून लांब फेकणार तेवढ्यात तो हातातच फुटला. पोरं वाचली, ते गेले. 1946 मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं एक सर्वोच्च पदक, जाहीर झाला.

त्यांची बायको ब्रह्मीदेवी, अगदी लहान वयात विधवा झालेली. तिने जन्मभर जपलेलं ते पदक घरातून चोरीला गेलं आणि 2009 मध्ये लंडनच्या एका लिलावात विकायला आलेलं दिसलं, मग आरडाओरडा झाल्यावर लिलाव थांबवला. हे वाचून माझं डोकंच फिरलं, कुणी चोरलं असेल आणि कुणाला विकत घ्यायचं होतं ते?

आठ यार्ड म्हणजे सात मीटरच्या आसपास. सकाळी ऑफिसला निघताना पार्किंगमध्ये पावलं मोजली, आमच्या पिलरपासून शेजाऱ्यांच्या अ‍ॅक्टिव्हापर्यंत दहा भरली. बॉम्ब तर त्याच्याही मागे होता, जिन्याजवळ. काकांनी विचारलं काय हरवलंय का साहेब, म्हटलं नाही, असंच.