वडिलांच्या बंदुकीची जुनी काडतुसं जमा करताना

वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा परवाना होता, बारा बोरची एकनळी बंदूक. ते गेल्यावर बंदूक विक्रेत्याकडे जमा करण्याचं काम एका दिवसात उरकलं. अडलं ते काडतुसांपाशी. कपाटात 37 निघाली आणि त्यातली निम्मी खराब. विक्रेत्याने चांगली तेवढी ठेवून घेण्याची तयारी दाखवली, फुगलेली आणि न उडालेली घ्यायला साफ नकार दिला. तेव्हा सगळीच पोलीस ठाण्यात द्यायची ठरवली.

कायदा इथे स्पष्ट आहे. शस्त्र अधिनियम 1959, कलम 21: कोणत्याही कारणाने शस्त्र किंवा दारूगोळा जवळ बाळगणं कायदेशीर राहिलं नाही, तर विनाकारण उशीर न करता तो जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचा. वारसाला स्वतःच्या नावावर परवाना मागता येतो, पण तो हातात पडेपर्यंत वडिलांच्या परवान्यावर घरात काडतुसं ठेवता येत नाहीत.

पहिलं काम मोजदादीचं. जमिनीवर जाड सुती चादर अंथरली, हातमोजे घातले, देवघरातला दिवा शांत होईपर्यंत थांबलो. काडतूस मधल्या भागाला धरून उचलायचं. पितळी बुडाच्या मध्यभागी जी छोटी गोल टोपी दिसते तिलाच धक्का सोसत नाही. म्हणून काडतुसं स्टीलच्या डब्यात खडखडत टाकायची नाहीत आणि एकाचं टोक दुसऱ्याच्या टोपीला लागेल अशी रचायची नाहीत.

तीन वाटे केले. 21 प्लास्टिकच्या पुंगळीची (पुंगळी म्हणजे काडतुसाचं बाहेरचं आवरण), वरून ठीक दिसणारी. 12 जुनी, कागदी पुंगळीची. कोकणातल्या दमट हवेत कागद फुगून मऊ पडला होता, त्यातल्या दोन काडतुसांची तोंडं उकलून छरे बाहेर आले होते आणि पितळेवर हिरवट थर धरला होता. उरलेल्या 4 काडतुसांच्या टोपीवर बंदुकीच्या घोड्याच्या ठोक्याचा खड्डा होता, म्हणजे बार उडालाच नव्हता. ही चार सगळ्यांत वाईट. ठोका बसूनही टोपी फुटली नाही याचा अर्थ ती मेली असा होत नाही. ती वेगवेगळ्या कागदात गुंडाळून खोक्यावर ‘न उडालेली’ असं लिहिलं.

हिरवा थर पुसायचा नाही, तेल लावायचं नाही, उन्हात वाळवायचं नाही. काडतुसातली धूरविरहित दारू नायट्रोसेल्युलोजची असते. वर्षं सरतात तशी ती आतल्या आत कुजते आणि आम्लधर्मी वायू सोडते. ते शोषून घेणारं रसायन कारखान्यातच मिसळलेलं असतं, पण उकाड्यात ते लवकर संपतं. असं काडतूस ‘एकदा उडवून बघू’ म्हणणारे गावात भेटतातच. दारू अर्धवट जळली तर आतला बुच नळीत अडकतो, आणि मागोमाग दुसरा बार काढला की नळी फाटते.

आमचं कपाट युरियाच्या गोणींशेजारी होतं, ही मोठी चूक. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराच्या पितळी पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप तडकायच्या. घोड्यांच्या पागेतला अमोनिया आणि दमट हवा हे त्याचं कारण निघालं. युरिया ओलसर झाला की त्यातूनही अमोनिया सुटतो. गोठा आणि खताची खोली या दोन्ही जागा काडतुसांना वर्ज्य.

घरच्या घरी विल्हेवाट लावण्याचे सल्ले भरपूर मिळाले. विहिरीत टाका, पुरून टाका, चुलीत घाला. पाण्याने काडतूस खात्रीने निकामी होत नाही, पुरलेलं पुढे कुणाच्या तरी कुदळीखाली येतं, आणि आगीत टाकलेल्या काडतुसाची टोपी व पितळेचे तुकडे गोळीसारखे उडतात. पक्कडीने उघडून दारू काढणं तर त्याहून वाईट. हे काम ज्यांचं रोजचं आहे तिथेही माणसं जातात: नोव्हेंबर 2018 मध्ये वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ, जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर तो उतरवून घेतानाच स्फोट झाला आणि कामगारांचे जीव गेले.

आता कागदपत्रं. परवान्यावर एका वेळी 25 काडतुसं बाळगण्याची मुभा लिहिलेली, आणि आमच्याकडे 37. कागदी 12 आजोबांच्या वेळची असावीत, त्यांची नोंदच सापडेना. जास्तीची 12 गुपचूप नाहीशी करावीत असा मोह इथेच होतो. तो टाळला आणि अर्जात सरळ लिहिलं: ‘वडिलांच्या मृत्यूनंतर कपाटात एकूण 37 काडतुसे आढळली, पैकी 12 ची खरेदीनोंद परवान्यावर दिसत नाही. कलम 21 नुसार स्वतःहून जमा करीत आहे.’ सोबत मूळ परवाना, मृत्यूचा दाखला, माझं आधार, बाकीच्या वारसांचं संमतीपत्र आणि प्रत्येक वाट्याचे फोटो जोडले. फोटोत बुडावरचे छाप वाचता यायला हवेत. आमच्या काहींवर खडकीच्या कारखान्याचं ‘केएफ’ होतं.

ठाण्यात आधी फोन केला, मगच निघालो. काडतुसांचं खोकं कापडात घट्ट बसवून स्वतःच्या गाडीच्या डिकीत ठेवलं, पेट्रोलचा कॅन बाहेर काढला, वाटेत कुठेही थांबलो नाही. एसटीने न्यायचा विचारही करू नये. ठाण्यात खोकं हातात घेऊन आत शिरायचं नाही. गाडीत ठेवून अंमलदारांना बाहेर बोलवायचं.

पहिल्या दिवशी ‘आधी जिल्हाधिकारी कार्यालयाचं पत्र आणा’ असं सांगून परत पाठवलं. त्या कार्यालयाच्या गृहशाखेत अर्जाची प्रत दिली, दुसऱ्या प्रतीवर पोहोच घेतली आणि ती दाखवल्यावर काम पुढे सरकलं. आधीच दोन्हीकडे अर्ज दिला असता तर फेरा वाचला असता. पंचनामा लिहिताना ‘37 जुनी काडतुसे’ एवढंच लिहिलं जात होतं. मी तिन्ही वाटे वेगळे लिहायचा आग्रह धरला: बोर, पुंगळी कागदी की प्लास्टिकची, छाप, अवस्था, नग. नग आणि वर्णन नसलेली पावती पुढे कामाची नसते. न उडालेली 4 आणि तोंड उकललेली 2 कोणती, हे तोंडी सांगितलं आणि लेखीही घ्यायला लावलं, कारण पुढे ती हाताळणाऱ्या बॉम्बशोधक-नाशक पथकाला ते कळलं पाहिजे.

ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक असेल तर रीत वेगळी. भिंतीवर टांगलेली जुनी ठासणीची कित्येकदा भरलेलीच असते, आणि डब्यातली काळी दारू एका ठिणगीने पेटते. ती हलवायची नाही, रिकामी करायला जायचं नाही, पोलिसांनाच घरी बोलवायचं. शेतात किंवा भंगारात लष्करी गोळा दिसला तर त्याला हातही न लावता लांब जाऊन 112 ला फोन.

शेवटी हातात आलेल्या पावतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि मुद्देमाल नोंदवहीचा क्रमांक आहे. तिच्या तीन प्रती काढल्या: एक गृहशाखेत परवाना रद्द करण्याच्या अर्जासोबत, एक विक्रेत्याकडे बंदुकीच्या कागदांत आणि एक घरच्या फाइलमध्ये, मृत्यूच्या दाखल्यामागे.