फोडणीचा वास आणि विस्कॉन्सिनचा नर

माझं जाकीट तीन दिवस बाल्कनीत पडून होतं, ओकच्या वाळक्या पानांनी भरलेल्या एका मोठ्या पिशवीत. कारण एवढंच, की मला हरणाच्या शिकारीला बसायला जायचं होतं आणि जाकिटाला फोडणीचा वास येत होता. मला नव्हता येत. माझ्या सहकारिणीलाही नव्हता येत. पण तिच्या वडिलांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "घरात कांदा परतता तेव्हा जाकीट कुठे असतं?" दाराजवळच्या खुंटीला, म्हटलं. मग पलीकडे बराच वेळ शांतता.

हे काका सत्तरीचे. दुधाच्या धंद्यातून निवृत्त झालेले, गाई विकून टाकलेल्या, पण जमीन राखून ठेवलेली. इथे अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये, सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, पण माझ्या तोंडी ते बसत नाही, म्हणून मी त्यांना 'काका'च म्हणते. अर्थ समजल्यापासून तेही खूश आहेत. उन्हाळ्यात जेवायला आले होते, तेव्हा मी त्यांना ताडोब्याची गोष्ट सांगितली होती: बुद्धपौर्णिमेची प्राणिगणना, पाणवठ्यावरचं मचाण, रात्रभर जागून मोजलेली चितळं आणि एक अस्वल. ते म्हणाले, "मग तुला बसता येतं. ऑक्टोबरच्या शेवटी ये. हरणाचा एक नर दाखवतो. दिसला तर."

मॅडिसनहून हायवे १४ धरून पश्चिमेला निघाले, तेव्हा शेतांत मक्याची कापणी चालली होती. मेझोमनी, अरीना, मग पूल, खाली वाळूच्या बेटांमधून पसरट वाहणारी विस्कॉन्सिन नदी. स्प्रिंग ग्रीनच्या पुढे डोंगर जवळ येतात. या भागाला 'ड्रिफ्टलेस' म्हणतात. हिमयुगात आजूबाजूचा सगळा मुलूख बर्फाच्या थरांखाली घासून सपाट झाला, हा मात्र सुटला. त्यामुळे अरुंद दऱ्या, लांबलचक धारा, उतारावर ओक आणि तळाला ओढा असा प्रकार. रिचलंड सेंटर हे तालुक्यासारखं गाव. प्रसिद्ध वास्तुकार फ्रँक लॉइड राइटचा जन्म इथला, १८६७चा. त्याने बांधलेलं गोदामही गावात आहे. मी ते गाडीतूनच पाहिलं. काकांनी चारला बोलावलं होतं आणि चारच वाजले होते.

पहिल्या संध्याकाळी आम्ही गेलोच नाही. वारा दक्षिणेचा होता. मला वाटलं, एवढ्या लांब आलोय तर बसून पाहू. काका म्हणाले, "वारा चुकीचा असताना बसणं म्हणजे त्याच्या दाराला चिठ्ठी लावून येणं." त्यापेक्षा त्यांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर फोन ठेवला आणि रानात लावलेल्या कॅमेऱ्याचे फोटो दाखवायला सुरुवात केली.

व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण. चितळापेक्षा अंगानं भरलेलं, आणि शिंगांची ठेवण निराळी: दोन मुख्य फांद्या पुढे वळलेल्या आणि त्यांतून उभी टोकं. ही शिंगं दरवर्षी हिवाळ्यात गळतात, वसंतात पुन्हा फुटतात. ऑगस्ट सरता सरता त्यांच्यावरची मखमल झडते आणि नर झाडांची साल घासत सुटतात. हा नर मोठा होता, काकांच्या अंदाजाने पाच वर्षांचा. फोटो सगळे काळे-पांढरे, इन्फ्रारेडचे: रात्री ११.४०, १.१५, पहाटे ३.०५. मक्याच्या कडेला उभा, डोळे दिव्यासारखे.

"निशाचर," मी म्हटलं.

"सगळे तेच म्हणतात," काका म्हणाले. "माझा कॅमेरा मक्यावर आहे. तो मक्यावर रात्री येतो. एवढंच या फोटोंत आहे."

मग त्यांनी सप्टेंबरपासून काय केलं ते सांगितलं, आणि मला तर अख्ख्या सहलीत हेच सगळ्यात आवडलं. त्यांनी कॅमेरा डोंगराकडे सरकवला, शेत आणि रान यांच्या मधल्या पायवाटेवर. नर दिसला ८.२०ला. आणखी वर, एका सपाटीवर सरकवला. ७.०५. तिसऱ्यांदा धारेच्या खाली, ओकच्या झाडांत. ६.२५. म्हणजे तो संध्याकाळी उठतो, रमतगमत एकोर्न, म्हणजे ओकची फळं, खात खाली उतरतो आणि अंधार पडल्यावर उघड्यावर येतो. त्याचा दिवस असतोच, फक्त तो शेतापासून तीनशे यार्डांच्या परिघात, झोपायच्या जागेभोवती जातो. शिकारी बसतात शेताच्या कडेला, कारण तिथून लांबवरचं दिसतं आणि गाडी जवळ असते. मग घरी येऊन म्हणतात, नर निशाचर झाला.

ऑक्टोबरच्या मधल्या पंधरवड्याला इथले शिकारी 'लल' म्हणतात, मरगळ. हरणं जणू गायब होतात. पण जीपीएसचे पट्टे गळ्यात घालून झालेल्या अभ्यासांत तशी मरगळ सापडत नाही. नरांचं चालणं ऑक्टोबरभर वाढतच जातं. बदलते ती जागा. पानं गळतात, आडोसा विरळ होतो, मका कापला जातो, ओकची फळं पडू लागतात. काकांच्या मते पांढऱ्या ओकची फळं पडू लागली की मक्याला कोण विचारतो. त्यांनी मला एक चाखायला दिलं. कडू होतं. "लाल ओकचं याहून कडू," ते म्हणाले, जणू ती शिफारस होती.

आणि माज? तो नोव्हेंबरचा. दिवस लहान होत गेले की नरांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन चढतं, आणि नोव्हेंबरच्या मध्याच्या आसपास बहुतेक माद्या फळतात. साधारण दोनशे दिवसांनी, मेअखेर किंवा जूनमध्ये पाडसं. त्या दिवसांत नर खुळावतात, भर दुपारी रस्ते ओलांडतात, गाड्यांखाली येतात. तेव्हा कुठूनही कोणताही नर समोर येऊ शकतो. "ते नशीब," काका म्हणाले. "आत्ता तो अजून स्वतःच्या घरी राहतो. आत्ता त्याला ओळखून गाठता येतं. पण एकदाच."

संध्याकाळी ते मला गावाबाहेरच्या एका पेटीपाशी घेऊन गेले. हरणांची डोकी टाकायची पेटी. हे गमतीत लिहीत नाही. सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली पहिल्यांदा सापडला, इथून फार लांब नाही, माउंट होरेबजवळ. प्रियॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, लस नाही, औषध नाही, लागण झालेलं हरीण वाचत नाही. माणसाला झाल्याचं अजून आढळलेलं नाही, पण तपासणीत रोग निघाला तर मांस खाऊ नये असा सरकारी सल्ला आहे. म्हणून शिकारी डोकं पिशवीत घालून, चिठ्ठी बांधून इथे ठेवतात, मानेतल्या लसिका गाठी प्रयोगशाळेत जातात, आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरात थांबून राहतं. काकांची गेल्या वर्षीची मादी 'पॉझिटिव्ह' आली. बांधलेली सगळी पाकिटं त्यांनी फेकली. "गाई पाळल्यात मी," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वारा फिरला. वायव्येचा, कोरडा, सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं. सकाळी मात्र बसायचं नाही: पहाटे आपण चढत असतो तेव्हा तो खालून घरी परतत असतो आणि वाटेत गाठ पडते. दुपारी दोनला निघालो. माझा निळा मफलर काकांनी काढून घेतला. हरणाला लाल-नारिंगी नीट दिसत नाही, निळा मात्र आपल्यापेक्षा जास्त दिसतो. जाकिटाचा त्यांनी वास घेतला, विचार केला आणि मान डोलावली.

आम्ही थेट चढलो नाही. आधी ओढ्यातून, रबरी बुटांनी, पाण्याच्या आवाजात. मग पूर्वेच्या घळीतून वर. नर धारेच्या दक्षिण उतारावर, वरच्या टप्प्यात झोपतो: पाठीमागून वारा, समोर खालची अख्खी दरी. मागचं नाकानं कळतं, पुढचं डोळ्यांनी. दिवसा उन्हानं तापलेली हवा उतारावरून वर चढते, त्यामुळे खालून येणाऱ्याचाही वास त्याला मिळतो. म्हणून आम्ही बाजूनं. आमचा वास वाऱ्यानं घळीवरून पलीकडे जाणार, आणि ऊन गेल्यावर गार हवेबरोबर घळीतून ओढ्याकडे उतरणार. हे सगळं काकांनी मला एका पाकिटाच्या मागे काढून दाखवलं होतं. ताडोब्यात आम्ही फक्त गप्प बसायचो.

मचाण म्हणजे दोघांची लोखंडी शिडी, ओकला पट्ट्यांनी आवळलेली, पंधरा-सोळा फूट वर बाकडं. जमिनीपासूनच कमरेला पट्टा अडकवायचा. काकांकडे क्रॉसबो होता, बंदुकीसारखं धरून घोड्यानं बाण सोडायचं धनुष्य. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना धनुष्य ओढवत नाही. इथे २०१४पासून क्रॉसबोला सगळ्यांनाच परवानगी आहे, आणि धनुष्यवाले अजून त्यावर कुरकुरतात. १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच शिकारीचा कोर्स सक्तीचा आहे. काका त्याआधीचे, तरी त्यांनी तो नातीबरोबर बसून केला.

मग बसणं. खारी वाळक्या पानांत एवढा आवाज करतात की प्रत्येक वेळी हत्ती येतोय असं वाटतं. नदीच्या बाजूने क्रेन पक्ष्यांचे थवे करकरत गेले. पाय बधिर झाले. पाचनंतर एक मादी आणि दोन वाढलेली पाडसं आली, आमच्या जवळजवळ खालून गेली. मादी थांबली, नाक वर. मी श्वास धरला. ती 'फुर्र' करून शेपटी उभारते की काय, असं झालं. नाही केलं. मग एक पोरसवदा नर, दोनच टोकांचा, आपल्याच तोऱ्यात.

सूर्य सहाच्या सुमारास मावळला. सहा वाजून आठ मिनिटांनी काकांची करंगळी हलली, तेवढीच. आधी मला काहीच दिसेना. मग झुडपांमागे एक आडवी रेघ दिसली, पाठीची. सावकाश, दोन पावलं आणि थांबणं. तो एका खरवडलेल्या जागेपाशी आला, वरची लोंबती फांदी तोंडात धरली, कपाळ आणि डोळ्याजवळचा भाग तिच्यावर घासला, पुढच्या पायानं माती मागे उडवली. फोटोत नव्हती ती गोष्ट म्हणजे मान. बैलासारखी फुगलेली. अंतर चाळीस यार्डांच्या आतबाहेर, आणि मध्ये डहाळ्यांची जाळी. बाणाला एक डहाळी पुरते.

काका थांबले. तो थांबला. उजेड विझत गेला. शिकारीची वेळ पुस्तकात मिनिटांसकट छापलेली असते. काकांनी घड्याळ पाहिलं, क्रॉसबो मांडीवर आडवा ठेवला आणि हात खिशात घातले. नर अजून तिथेच होता.

खाली उतरता येत नव्हतं. त्याला आम्ही कळलो असतो तर ही जागा संपली. म्हणून अंधारात आणखी पाऊण तास, तो एकोर्न फोडतोय हे ऐकत. कडकड, कडकड. मला खोकला येत होता आणि मी तो कसा गिळला ते मलाच ठाऊक. पानांचा आवाज खाली मक्याकडे गेल्यावर आम्ही उतरलो. माझी बोटं इतकी आखडली होती की शिडीची कडी पकडता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत होते. काकांनी मला खास चहा करून दिला होता, म्हणजे गरम पाण्यात पिशवी. टेबलावरचा त्यांचा फोन वाजला. कॅमेऱ्याचा फोटो, १०.४०चा, रंगीत. भर उन्हात तो नर आमच्या शिडीपाशी उभा होता. काकांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. नाक अगदी तिसऱ्या पायरीला टेकलेलं.

ते बराच वेळ बघत राहिले. मग चष्म्यावरून माझ्याकडे.

"उतरताना हातमोजे काढले होतेस?"

मी चहाचा कप तोंडाला लावला.